हातमोज्याची करंगळी

चिरनेर, ५ ऑगस्ट २०१३

ताई,

आधी भाजी निवडून घे, मग हे वाच. माठाची जुडी तुझ्याच हातात द्यायची, सासूबाई खाली उभ्या असल्या तर थांबायचंच नाही, असं भाजीच्या टेम्पोवाल्या रामूला बजावलंय. तो म्हणाला, "म्हंजे माठ परत आनायचा? सुकंल ना." सुकू दे म्हटलं.

फोन तू उचलत नाहीस. आधी वाटलं, हात पिठात असतील. मग एकदा हर्षालीने उचलला आणि "आई घरात नाहीये, मावशी" म्हणाली. मागे तुझ्या बांगड्या वाजत होत्या. तिला पुन्हा खोटं बोलायला लावू नकोस. यापुढे फोन करणार नाही, लिहीन.

बैठकीत तू जे बोललीस त्याचा मला राग नाही, असं लिहिणार होते. लिहिलं आणि खोडलं. राग आहे. गावातली जाणती माणसं बसली होती, चहा फिरला होता आणि सासऱ्यांनी सगळ्यांदेखत तुला विचारलं, "निशा, तू बोल. तुझी सख्खी बहीन हाय, तूच धाकली सून म्हनून या घरात आनलीस. हिला खरंच दुखतं, का कामाचा कंटाला?" तू पदर सावरलास आणि म्हणालीस, "दुखतं सगल्यांनाच, बाबा. आमी काय बाया नाय? आमच्या म्हायेरी असला काय नाय. आयेला नाय, मला नाय."

मी तुझ्याकडे बघत होते. तू चहाच्या कपांकडे बघत होतीस.

त्यानंतर कुणी काही विचारलंच नाही. सासूबाई म्हणाल्या, "बघा. सख्खी बहीन बोलते." प्रणितने माझी बॅग उचलून खाली रिक्षात ठेवली. बॅग जड आहे की हलकी, एवढंही बोलला नाही.

इथे बरी आहे. बाबा सकाळी शेतावर जातात, आई मला चूल लावू देत नाही. मिठागरातली माणसं आता घरी बसली, बंदराकडच्या गोदामांनी सगळी जमीन खाल्ली, तेच बोलत बाबा संध्याकाळ काढतात. तुझा विषय निघाला की आई उठून आत जाते. काल मी तिला विचारलं, "आये, आमच्या लहानपणी तू त्या दिवसांत भाताच्या कणगीमागे निजायचीस, तोंडात पदर धरून. ते काय होतं?" ती म्हणाली, "थंडीनं झोपायची." मे महिन्यातसुद्धा?

दिवाळीनंतर पुन्हा बैठक आहे, असा निरोप आला. मला परत घ्यायचं की काडीमोड करायचा ते तेव्हा ठरवणार. प्रणित आईवडिलांपुढे बोलत नाही हे आपण दोघी जाणतो. तिथे कुणी बोलू शकत असेल तर तूच. आपल्या दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, ताई. पलीकडून काय काय ऐकू यायचं ते तुला ठाऊक आहे. मलाही ठाऊक आहे. कारण तुझ्या बाजूनेही यायचं.

किशोरी

पनवेल, २९ ऑगस्ट २०१३

ताई,

हे हॉस्पिटलमधून लिहितेय. वडाळे तळ्याकडून आत वळलं की जी गल्ली लागते, तिथलं लहानसं हॉस्पिटल. घाबरू नकोस. किंवा घाबर थोडीशी, मी एकटीनेच किती घाबरू?

परवा माझा दुसरा दिवस होता. नेहमीसारखं उजवीकडे खाली सुरू झालं आणि या वेळी थांबेचना. उलट्या झाल्या, अंग थंड पडलं. आई म्हणाली, "पाचवा दिवस उजाडू दे, न्हाऊन घे, मग डॉक्टरकडं जाऊ." बाबांनी ऐकलं नाही. रामूचा टेम्पो दारात आणून उभा केला. आता टेम्पोत पुढे काचेपाशी गणपती. आई उंबऱ्यात आडवी उभी, "अशी कशी बसवता तिला देवापुढं?" तर बाबा म्हणाले, "त्याचं पोट बघ केवढं हाय. पोटाचं दुखनं त्याला नाय कललं तर कोनाला कलंल?" रामूने गळ्यातला टॉवेल काढून गणपतीवर टाकला आणि म्हणाला, "झाकला. आता चल." पळस्प्यापर्यंत देव टॉवेलखाली आणि मी सीटवर आडवी. दुखत असतानाही मला हसू आलं. हसल्यावर आणखी दुखलं.

इथे आशालता मॅडम म्हणून सर्जन आहेत. तुझ्या वयाच्या असतील. त्यांनी पोटाला हात लावण्याआधी विचारलं, "पाळी कधी आली?" म्हटलं, काल. "मागच्या वेळी दुखलं तेव्हा?" तेव्हाही आली होती. "त्याच्या आधी?" मग त्यांनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांग.

मी सांगितलं. आपलं सासरचं घर कसं आहे ते सांगितलं. खाली पुढच्या गाळ्यात कुमार डॉक्टरांचा दवाखाना, तेही आपलेच भाडेकरू. वर आपल्या खोल्या. जिना उतरला की समोर एकवीरा आईचा देव्हारा आणि देव्हाऱ्यासमोरूनच बाहेर जायची वाट. घर बांधताना सासऱ्यांनी मुद्दाम तशी काढली, येताजाता आईचं दर्शन व्हावं म्हणून. म्हणजे त्या चार दिवसांत जिना बंद. खाली डॉक्टर बसलेत, त्यांची बेल वाजलेली वर ऐकू येते आणि मी वर फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि खाली जायचं. तोवर दुखणं गेलेलं. कुमार डॉक्टर पोट दाबून बघायचे, "आता दुखतंय?" नाही. सोनोग्राफीला पाठवायचे, ती स्वच्छ. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या. घरी येऊन जेवताना म्हणायच्या, "मशीन पन बोलली, काय नाय."

मॅडम म्हणाल्या, "म्हणजे इतक्या वर्षांत दुखत असताना तुला एकाही डॉक्टरने तपासलं नाही?"

असं कुणी याआधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "डॉक्टर खालीच होते."

हेही सांगितलं की प्रणित गरम पाण्याची पिशवी भरून आणायचा. शिवायचं नाही म्हणून उंबऱ्याबाहेर बसायचा आणि पायाने पिशवी आत सरकवायचा. कधी कधी तिथेच भिंतीला टेकून बसून राहायचा. मी आत, तो बाहेर. बोलायचो नाही. हे मी मॅडमना का सांगितलं कुणास ठाऊक. त्यांनी ते लिहून घेतलं नाही.

दुखत असतानाच सीटी स्कॅन केला. मोठं आतडं सुरू होतं तिथे गाठ दिसतेय. दुर्बिणीने बघितलं तेव्हाही दिसली. दुर्बीणवाले डॉक्टर म्हणाले, इथूनच कापून काढतो. मॅडमनी थांबवलं. नुसती गाठ वाटत नाही मला, म्हणाल्या, आतूनच कापली तर आतड्याला भोक पडेल. उद्या पोट उघडणार आहेत.

बाबांना बाहेर बोलावून त्यांनी एक शब्द सांगितला. बाबा परत आले ते माझी चादर नीट करत बसले, नीटच असलेली. मी विचारलं, काय म्हणाल्या? "काय नाय. आजाराचं नाव मोठं हाय, मला बोलता येत नाय." एवढा छोटा शब्द आहे तो, ताई. आपल्या गल्लीतल्या लहान पोरांनाही बोलता येतो.

तू ये, असं लिहीत नाही. आलीस तर पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून. इथे जिन्यात काही नाही. फक्त फिनेलचा वास.

किशोरी

चिरनेर, २२ सप्टेंबर २०१३

ताई,

कॅन्सर नाही.

हे आधी लिहिते. नाहीतर तू पत्र अर्ध्यात ठेवून भाकऱ्या थापायला जाशील आणि दिवसभर तेच डोक्यात घेऊन बसशील. मी ओळखते तुला.

या पत्राबरोबर रबरी हातमोजा पाठवतेय. रामूने विचारलं, "ह्यो कशाला? भाजीत हातमोजा बघून वैनी मला मारतील." त्याला सांगितलं, ताईच्या हाताला चिरा पडल्यात.

हातमोजा आशालता मॅडमचा आहे, कोरा. टाके काढायला गेले तेव्हा तपासणीचा कागद आला होता. मी म्हटलं, मला कागद कळायचा नाही, तुम्ही सांगा. त्यांनी खोक्यातून हातमोजा काढला, पेनाच्या मागच्या टोकाने त्याची करंगळी आत ढकलली आणि माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "हे तुझं अपेंडिक्स. आतड्याला लोंबणारी करंगळी समज. ती अशी स्वतःतच उलटी होऊन आतड्यात शिरत होती. आतून बघणाऱ्याला गाठच वाटणार."

का शिरत होती, तेही सांगितलं. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तसलंच अस्तर काही बायकांच्या पोटात भलत्या जागी उगवतं. एन्डोमेट्रिऑसिस म्हणतात. माझ्या अपेंडिक्सवर उगवलं. महिन्याच्या महिन्याला तेही सुजतं, तेही रक्त टाकतं. मग त्या सुजेला धरून आतडं करंगळी आत ओढतं. अपेंडिक्सवर अस्तर उगवणंच विरळ, त्यात ते उलटं वळणं फारच विरळ. "मी पुस्तकात वाचलं होतं. बघितलं पहिल्यांदा," म्हणाल्या.

मग त्यांनी हातमोज्याला तोंड लावून फुंकर मारली. करंगळी टपकन बाहेर आली.

"आणि हा तुझा पाचवा दिवस," त्या म्हणाल्या. "सूज उतरली, सुलटं झालं. तू तेव्हा डॉक्टरकडे जायचीस. त्यांना काय दिसणार? या खेपेला ते आतच अडकलं, म्हणून सापडलं."

मी पुन्हा एकदा करून बघायला मागितलं. ढकललं, फुंकलं. ढकललं, फुंकलं. मॅडमनी बाहेरच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं. मी रडत होते. दुखणं खरं निघालं म्हणून नव्हे. मला ते खरं होतं हे माहीतच होतं. तसंही म्हणता येणार नाही, ताई. शेवटी शेवटी मलाही वाटायला लागलं होतं की मी कामचुकार आहे. पाचव्या दिवशी न्हाऊन आरशात बघायचे आणि मनात म्हणायचे, बघ, काही झालेलं नाही तुला. ढोंगी.

मूल होईल का, ते मॅडमनी नक्की सांगितलं नाही. होऊ शकतं, औषध घ्यावं लागेल, हे पुन्हा दुसरीकडे उगवू शकतं, एवढंच.

आता मुख्य. मॅडमनी विचारलं, बहीण आहे? आई? हे पुष्कळदा मायलेकींत, बहिणी-बहिणींत असतं म्हणाल्या. "बहिणीला मुलगी असेल आणि ती पाळीत वाकून बसत असेल, तर त्याच दिवसांत घेऊन यायला सांग. नंतर नको. दुखत असताना."

हर्षालीला गेल्या वर्षीपासून सुरू झालंय. महिन्यातले दोन दिवस तिला शाळा बुडवून 'सर्दी' होते. मी त्या घरात होते, ताई.

हातमोजा उघड, करंगळी आत ढकल आणि फुंकर मार. दार लावून घे म्हणजे कुणी हसणार नाही.

किशोरी

चिरनेर, ८ नोव्हेंबर २०१३

ताई,

दिवाळीला फराळाचा डबा आला. करंज्या तुझ्या हातच्या होत्या, मुरड ओळखते मी. डब्यात चिठ्ठी असेल म्हणून आधी तळाचा कागद काढून बघितला. तेलाचे डाग होते.

बैठक येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. बाबा येणार आहेत, डॉक्टरांचा कागद घेऊन. ते रोज तो कागद उघडतात, एक अक्षर वाचता येत नाही, तरी उलटसुलट बघतात आणि परत प्लास्टिकच्या पिशवीत घालतात. म्हणतात, "सही मोठी हाय. मोठी डॉक्टरीन हाय."

तू बैठकीत तसं का बोललीस ते आता मला कळलंय. इतके महिने मी माझंच धरून बसले होते. सासूबाई म्हणतात ना, 'एकाच म्हायेरच्या पोरी'. मला आजार ठरला की तो आईला ठरतो, तुला ठरतो आणि मग हर्षालीला. अजून ती आठवीत आहे, पण आपल्याकडे गोष्टी लक्षात ठेवतात. उद्या तिचं स्थळ बघताना कुणीतरी म्हणेल, त्यांच्याकडं पोटाचा रोग हाय. तू तिला झाकत होतीस. मी उघडी पडले, एवढंच.

पण झाकून ते बरं होत नाही ना. रामू म्हणाला, परवा तू भाजी घ्यायला आलीस तेव्हा हर्षाली वरच्या खिडकीत होती, पोटाशी उशी धरून. त्याने हात केला, तिने केला नाही. रामूला काय कळतंय? तो म्हणाला, पोरगी रुसलेली दिसते.

मला त्या घरात परत जायचंय, ताई. हे कुणाला सांगू नकोस, आईलासुद्धा सांगितलं नाही. तिला वाटतं मी आता थुंकणार पण नाही तिकडे. मला प्रणितच्या डब्यातली कोशिंबीर आठवते. तो द्रोणागिरीच्या यार्डातून यायचा, बुटांना कंटेनरचा लाल गंज लागलेला असायचा, दारात बसून ब्रशने झाडायचा. आता कोण बघतं, की तसेच आत आणतो?

तू फक्त एवढं म्हण, की भिंतीपलीकडून आवाज यायचा. तुझं काही सांगू नकोस. हर्षालीचं तर नाहीच. माझा आवाज यायचा, एवढं.

किशोरी

चिरनेर, १८ नोव्हेंबर २०१३

ताई,

तू तिथे होतीस, तरी लिहिते. मी जिथे बसले होते तिथून काय दिसत होतं ते तुला दिसलं नसेल.

भावेश भाऊजींनी कागद वाचला. नीट वाचला, अडखळले तिथे पुन्हा वाचला, तुझ्या नवऱ्याचे तेवढे उपकार. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर लिवतीलच. लिवायचेच पैशे घेतात." बाबांनी हातमोज्यासारखी बोटं करून समजवायचा प्रयत्न केला. माझे बाबा, ताई, भरल्या बैठकीत स्वतःची करंगळी दुसऱ्या मुठीत घालून दाखवत होते आणि लोक खाली बघून हसत होते.

आनंदा काका हसले नाहीत. पंचांत तेवढे एकच सरळ. ते म्हणाले, "थांबा जरा. पोरी, डॉक्टरीन बोलली का, बहिनी-बहिनींना असतो ह्यो आजार?"

हो म्हटलं.

"मग निशाला कसा नाय? ती तर बोलली, नाय. निशाला असंल, तुमच्या आयेला असंल, तर गोष्ट खरी. मग आमी मानू. प्रणित आजच तुला वर घेऊन जाईल, मी सांगतो. आनि नसंल तर मग हा कागद काय खरा धरायचा? तू सांग. तुला माहीत असंलच."

त्यांनी मला विचारलं. तुला नाही.

प्रणितने मान वर केली. त्या दोन्ही बैठकांत पहिल्यांदा. त्याला वाटलं आता सुटलो. तोंडावर दिसत होतं त्याच्या.

तू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होतीस, सोडत होतीस, गुंडाळत होतीस. आणि तुझ्या मागे दारात हर्षाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ट्रे एका हातात. दुसरा हात पोटावर, उजवीकडे, खाली. चहा हलत होता. ती माझ्याकडे बघत होती. तेरा वर्षांची पोर, पण तिला सगळं कळत होतं. मावशी आता काय बोलणार, ते ऐकायला ती दारातच थांबली होती.

मी म्हटलं, "नाही काका. ताईला नाही."

"नक्की?"

"नक्की. आमच्यात कुणालाच नाही."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्यांनी कागद परत पिशवीत घातला, घडीवर घडी घालून.

पुढचं तुला माहीत आहे. सह्या व्हायला वेळ लागला नाही, वकिलाचं नंतर करू म्हणाले. मला जिन्याने खाली यायला वेळ लागला, पोटाला अजून ओढ बसते. देव्हाऱ्यापाशी थांबले. माझे ते दिवस नव्हते, त्यामुळे थांबायला हरकत नव्हती. हात जोडले. काय मागायचं ते आठवेना.

प्रणित मागून आला. माझ्या राहिलेल्या सामानाची पिशवी त्याच्या हातात होती. म्हणाला, "टाके दुखतात का?"

इतक्या वर्षांत त्याने पहिल्यांदा तोंडाने विचारलं.

मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, हो, थोडे. तो तिथेच उभा राहिला. मग सासूबाईंनी वरून हाक मारली.

घरी येऊन पिशवी उघडली. साड्या, फोटो, माझा चहाचा मग, आणि सगळ्यांत वर गरम पाण्याची रबरी पिशवी. रिकामी. झाकण घट्ट लावलेलं.

मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. तुझ्यासाठी असतं तर कदाचित केलं नसतं. तेवढी मोठी मी नाही.

पण आता एक मागते आणि ते तू मला देणं लागतेस. हर्षालीला घेऊन जा. दुसऱ्या दिवशी, दुखत असताना, भर दिवसा. जिना बंद असताना.

किशोरी

चिरनेर, १६ फेब्रुवारी २०१४

ताई,

शुक्रवारी मी मॅडमकडे तपासायला गेले होते. बाबा बाहेर रामूच्या टेम्पोत झोपले होते. तपासणी झाली, मी पडद्याआड टेबलावर बसून साडी सावरत होते, तेवढ्यात मॅडमनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. गर्दी असली की त्या तसंच करतात.

तुझा आवाज ओळखायला मला वेळ लागला. स्कूटरवरच्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला असशील. दबका येत होता.

मॅडमनी विचारलं, "काय होतंय बाळ?" मग रबर ताणल्यासारखा आवाज आला. त्यानंतर फुंकर. मग मॅडम हळूच म्हणाल्या, "हा कुठून आणलास?"

"आईच्या कपाटात होता. साड्यांखाली," हर्षाली म्हणाली. "मला असं होतंय का ते बघा. आता होतंय. आता दुखतंय."

"आज दुसरा दिवस?"

"हो. आजी देवासमोर वाती वळत बसली होती. आई बोलली, माझा हात धर आणि उतर. आजी ओरडली. आई थांबलीच नाही."

मी तोंडात पदर धरला. आई धरायची तसा.

मॅडमनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असं दुखतं?" बाहेर कुणाचं तरी मूल खोकत होतं. मला वाटलं तू आता म्हणशील, आमच्याकडं असला काय नाय.

तू म्हणालीस, "मला. माझ्या आयेला. आनि माझ्या बहिनीला. बहिनीला सगल्यांत जास्त. भिंतीपलीकडून ऐकू यायचं."

मी बाहेर आले असते. एक पाय खाली टाकलाही होता. पण मग तुला माझ्याकडे बघावं लागलं असतं, काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि हर्षालीचं तपासायचं राहिलं असतं. तो दिवस तिचा होता. मी तशीच बसून राहिले. मॅडमना ठाऊक होतं मी आत आहे. त्यांनी हर्षालीला पलीकडच्या खोलीत सोनोग्राफीला नेलं, माझ्या टेबलावर आणलं नाही.

पुढे काय निघालं ते मी मॅडमना विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं. तू सांगशील तेव्हा सांगशील.

प्रणितची हळद वैशाखात आहे, असं रामूकडून कळलं. मुलगी उरणकडची आहे म्हणे, चांगली आहे. आपल्याकडची हळद म्हणजे रात्रभर नाचणं आलं, आणि काकाच्या हळदीला पुतणीला तर सोडणारच नाहीत. तारीख हर्षालीच्या दिवसांत पडली तर तिला नाचायला लावू नकोस. कुणी विचारलं तर सर्दी झालीय म्हण. एवढं एक खोटं चालेल.

प्रणितच्या नव्या बायकोला जिन्याचं आधी सांगून ठेव. बाकी काही सांगू नकोस.

आणि एक. तुम्ही गेल्यावर मी पडद्याबाहेर आले. टेबलावर चढताना माझ्या चपला तिथेच पडद्याखाली काढल्या होत्या, घाईत एक पालथी पडलेली मला वरूनच दिसत होती. वाकता येत नाही म्हणून तशीच राहू दिली होती. उलटी चप्पल दिसली की आई कशी धावायची आठवतं? घरात भांडण होतं म्हणायची आणि आपल्या दोघींपैकी जी जवळ असेल तिला सुलटी करायला लावायची.

उतरताना डोळे पुसून खाली बघितलं तेव्हा दोन्ही सुलट्या होत्या. जोडीने, टाचा भिंतीकडे, पाय घालायला सोप्या पडतील अशा.

त्या चपला गेल्या दिवाळीच्या आदल्या वर्षी तूच पनवेलच्या बाजारातून आणल्या होत्यास. एकसारखे दोन जोड.

माठ संपला आता. मेथी पाठवतेय.

किशोरी